मधल्या वर्षांचा फोटो

तुमच्याकडे घरचे जुने अल्बम असतील तर ते काढून बसा आणि आईचा एक फोटो शोधा. त्यात तिचं वय पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधलं हवं, आणि फोटो तिचा हवा. तुमच्या भावाच्या मुंजीतला, ताईच्या साखरपुड्यातला, ज्यात ती एका कडेला अर्धीमुर्धी आली आहे, तसला चालणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी हा शोध घेतला. लंडनहून मिरजेला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भावाने माझ्यासाठी एकच काम ठेवलं होतं, तेराव्याला ठेवायला चांगलासा फोटो निवडायचं. १९७२ सालचा लग्नानंतरचा स्टुडिओतला फोटो होता, मागे पडद्यावर रंगवलेला संगमरवरी जिना आणि हाताखाली उंच स्टुलावर कागदी फुलं. मग आम्ही मांडीवर असतानाचे चार-पाच. पुढे बाबांनी हॉटशॉट कॅमेरा घेतला आणि घरात छत्तीस फोटोंचे रोल येऊ लागले, पण तिथपासून आई जवळजवळ नाहीशीच होते. एका फोटोत ओवाळणीचं तबक धरलेला हात आहे, बांगड्यांवरून तिचा म्हणून ओळखू येतो. एकात स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आलेला पदर. मग एकदम त्रेसष्टाव्या वर्षी, मामेबहिणीच्या लग्नात, बाकी माणसांच्या मधोमध बसलेली. शेवटी तोच फोटो कापून मोठा केला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला होता, तो दुकानदाराने संगणकावर पुसून दिला.

जी वर्षं अल्बममध्ये नाहीत त्यातली एक गोष्ट मला चांगली आठवते. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, रात्री जागून अभ्यास करायचे. तीनच्या सुमाराला आई उठायची, मागचं दार उघडायची आणि पायरीवर जाऊन बसायची. थंडीच्या दिवसांतसुद्धा. मला वाटायचं, माझ्या दिव्यामुळे तिची झोप मोडते, म्हणून मी घाईघाईने दिवा घालवायचे. काय होतंय असं मी एकदाही विचारलं नाही. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. आता मी एकोणपन्नासची आहे आणि टूटिंगमधल्या आमच्या घराचं मागचं दार रात्री तीन वाजता मी उघडते.

या वयाच्या बाईचे फोटो कुणी काढले, कशासाठी काढले आणि बहुतेक वेळा का काढले नाहीत, हे मी गेली दोन वर्षं वाचत आले. त्यातलं जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनपासून करू, कारण तिच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. १८६८च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन कुटुंबासह आयल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटरला राहायला आला होता, कॅमेरॉनबाईंच्याच घरात भाड्याने. तिने त्याचा फोटो काढला. तो तुम्ही पाहिलेला आहे: पांढरी दाढी, पुढे आलेलं कपाळ, खोल डोळे. डार्विन तेव्हा एकोणसाठ वर्षांचा. त्याची बायको एमा साठीची. तिचाही फोटो काढावा असं निघालं तेव्हा कॅमेरॉनबाईंनी म्हणे नकार दिला. बाईने अठरा ते सत्तर या वयात फोटो काढून घेऊच नये, असं तिचं मत होतं.

किस्सा तिखटमीठ लावलेला असेल, पण तिचे फोटो चाळून बघितले तर तो पटतो. पुरुष म्हणाल तर टेनिसन, हर्शेल, कार्लाइल, सगळे सुरकुतलेले, केस पिंजारलेले, आणि त्या सुरकुत्यांवरच सगळा प्रकाश. बायका म्हणाल तर कोवळ्या मुली, कुणी मेरी माता, कुणी ऑफिलिया. घरातली मोलकरीण मेरी हिलिअर कितीदा तरी मेरी माता होऊन बसली आहे. पुरुषाचं वय चेहऱ्यावर उतरलं की ते तेज आणि बाईचं उतरलं की कॅमेरा दुसरीकडे.

यातली गंमत अशी की ही बाई स्वतः त्याच वयाची होती. तिचा जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. नवरा सिलोनमधल्या कॉफीच्या मळ्यांत अडकलेला, मुलं मोठी झालेली, अशा वेळी १८६३च्या डिसेंबरमध्ये मुलीने आणि जावयाने तिला एक कॅमेरा भेट दिला, एकटीला विरंगुळा म्हणून. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. फोटोग्राफीच्या इतिहासातलं एक मोठं काम पन्नाशीला टेकलेल्या बाईने, कोंबड्या हाकलून दिलेल्या खुराड्यात सुरू केलं. त्या वर्षांत तिच्या शरीरात काय चाललं होतं याबद्दल एक अक्षर कुठे नाही. तसं ते कुठल्याच बाईबद्दल नसायचं.

अठरा ते सत्तरचा नियम तिने पुढे एकदा तरी मोडला. कॅमेरॉन दांपत्य सिलोनला राहायला गेलं. १८७७च्या सुरुवातीला चित्रकार मेरिअ‍ॅन नॉर्थ त्यांच्याकडे पाहुणी आली. एकटीने जगभर फिरून झाडाफुलांची चित्रं काढणारी ही बाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. कॅमेरॉनने तिला शालींत गुंडाळलं, केस मोकळे सोडायला लावले, डोक्यामागे माडाच्या झावळ्या टोचतील अशा उभ्या केल्या आणि भर उकाड्यात अगदी सहज दिसायला सांगितलं. नॉर्थने आपल्या आठवणींत याचं मिश्किल वर्णन केलं आहे. ते वाचताना मला हसू आलं आणि लगेच अंगातून वाफही निघाली. सेहेचाळीसाव्या वर्षी, सिलोनच्या उन्हात, अंगावर काश्मिरी शाल! नॉर्थची आठशेंहून अधिक चित्रं लंडनला क्यू गार्डनमधल्या तिच्याच नावाच्या दालनात लावलेली आहेत, १८८२पासून. इकडे आलात तर जरूर बघा, भिंतीचा एक इंचही मोकळा नाही.

आता बेटावरून माझ्या शेजारी या. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर स्प्रिंगफील्ड नावाची जागा आहे. तिथे आता नवी घरं आणि मोठी बाग झाली आहे. १८४१मध्ये ती गरीब वेड्यांसाठीची सरे परगण्याची इस्पितळवस्ती म्हणून उघडली. १८४८ ते १८५८ या काळात तिथल्या बायकांच्या विभागाचा प्रमुख होता डॉक्टर ह्यू वेल्च डायमंड. हा माणूस इंग्लंडच्या पहिल्या काही हौशी फोटोग्राफरांपैकी एक होता, आणि त्याने आपल्या रुग्ण बायकांचे फोटो काढले. काचेवर ओलं रसायन लावून, कित्येक सेकंद निश्चल बसवून. मागे साधं कापड, बाई खुर्चीत, हात मांडीवर. एकीच्या डोक्यावर पानांचा मुकुट, एकीच्या हातात मेलेला पक्षी. बहुतेकींच्या अंगावर संस्थेचेच कपडे असावेत असे कपडे. नावं नाहीत.

१८५६मध्ये डायमंडने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला आणि वेड्यांच्या फोटोंचे तीन उपयोग सांगितले. एक, चेहऱ्यावरून रोग ओळखायचा अभ्यास. दोन, उपचार: रुग्णाला तिचाच फोटो दाखवला की तिला भानावर आणता येतं. स्वतःला राणी समजणारी एक मुलगी आपले फोटो बघून त्या कल्पनेला हसू लागली, असा दाखला त्याने दिला. आणि तीन, बरी होऊन गेलेली बाई परत आली किंवा पळून गेली तर ओळख पटवायला. 

मला डायमंड दुष्ट वाटत नाही. तो त्या काळाच्या मानाने कनवाळूच होता, आपल्या रुग्णांना स्वतःचा फोटो बघायला देणारा डॉक्टर तेव्हा दुसरा कोण होता? पण त्या बायकांचे चेहरे बघताना, त्यातल्या काही स्पष्ट पन्नाशीकडे झुकलेल्या दिसतात तेव्हा, माझा जीव थोडा थोडा होतो. कारण त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांमध्ये 'दाखल होण्याचं कारण' या रकान्यात दारिद्र्य, बाळंतपण, धर्मवेड यांच्या जोडीला एक कारण वारंवार येतं: वयातला बदल. पाळी जाणं. शतकाच्या उत्तरार्धात या वेडाला स्वतंत्र नावही मिळालं. आणि हे गेल्या जन्मातलं समजू नका. उतारवयातल्या बाईला होणारी म्हणून वेगळी काढलेली उदासी, 'इनव्हॉल्युशनल मेलँकोलिया', अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीतून १९८० साली निघाली. तेव्हा मी शाळेत जाऊ लागले होते.

'मेनोपॉज' हा शब्दही फार जुना नाही. फ्रेंच डॉक्टर शार्ल द गार्दान याने १८१६मध्ये त्याचं पहिलं रूप वापरलं आणि १८२१मध्ये आजचं. त्याआधी बायकांची पाळी जात नव्हती का? जात होतीच, पण ते बायकांचं आपापसातलं बोलणं होतं. डॉक्टरांनी नाव दिलं आणि तो डॉक्टरांचा विषय झाला. लंडनच्या एडवर्ड टिल्टने १८५७मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, पुढे पाचशे बायकांच्या नोंदी जमवल्या, लक्षणांची मोठी यादी केली, आणि उपाय म्हणून जळवा, अफू अशा वस्तू सुचवल्या. त्याची टिंगल करायचा मोह होतो, पण त्याने निदान पाचशे जणींना विचारलं तरी. मी एकीलाही विचारलं नव्हतं.

विसाव्या शतकात ही बाई पुन्हा फोटोत येते, या वेळी चकचकीत कागदावर. १९४२मध्ये अमेरिकेत प्रेमारिन नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन, नावही त्यावरूनच पडलेलं. तिच्या जाहिराती डॉक्टरांच्या मासिकांत छापून येत आणि त्यात फोटो असत. छान केस वळवलेली, दात दाखवून हसणारी बाई, शेजारी समाधानी नवरा. एका जाहिरातीचा भर तर सरळ यावर होता की नवऱ्यांनाही ही गोळी आवडते. १९६६मध्ये ब्रुकलिनच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहिलं आणि पाळी जाणं हा मधुमेहासारखा कमतरतेचा आजार आहे, हार्मोन घेतले की बाई कायम बाई राहते, असं सांगितलं. पुस्तक तुफान खपलं. त्याच्या संस्थेला औषध कंपन्यांचे पैसे मिळत होते हे नंतर बाहेर आलं. १९७५मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढल्याचं दिसलं, आणि २००२मध्ये सोळा हजारांवर बायकांवरचा मोठा अमेरिकन अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यावर घबराट, मग त्या घबराटीवर फेरविचार. आज इकडे डॉक्टर पुन्हा जपून, माणूस बघून, ही औषधं देतात. मीही पट्टी लावते आणि मला बरं वाटतं, तेव्हा गोळ्यांशी माझं भांडण नाही. भांडण त्या फोटोशी आहे. डायमंडच्या फोटोत बाई बिघडलेली आहे, जाहिरातीत ती दुरुस्त झालेली आहे. दोन्हींत तिला समोर कुणीतरी बसवलं आहे.

बसवणारा बदलला तो १९७०-८०च्या दशकांत. अमेरिकेत अ‍ॅन नॉगल नावाची बाई होती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची विमानं चालवलेली, नंतर शेतावर औषध फवारणारी वैमानिक, आणि चाळिशीकडे झुकल्यावर फोटोग्राफर. तिने १९७५मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, चेहऱ्याची कातडी ताणून घेण्याचं ऑपरेशन केलं आणि डोळ्यांभोवतीच्या टाक्यांसह, सुजेसह स्वतःचे फोटो काढले. तरुण दिसायची हौसही खरी आणि त्या हौसेचे टाकेही खरे. तिने दोन्ही दाखवलं, लाजली नाही आणि उपदेशही केला नाही. मला ती म्हणूनच फार आवडते.

मग लंडनची जो स्पेन्स. जन्म १९३४चा, कामगार घरातली. आधी तिचा रीतसर पोर्ट्रेट स्टुडिओ होता, लग्नाचे, मुलांचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढायची. घरच्या अल्बममध्ये काय येतं आणि काय गाळलं जातं, हे तिला धंद्यातूनच कळलं. हसणं येतं, आजारपण येत नाही. वाढदिवस येतो, भांडण येत नाही. १९८२मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला. आपलं शरीर आता डॉक्टरांच्या हातात जाणार हे दिसताच तिने आपल्या स्तनावर पेनाने लिहिलं की ही जो स्पेन्सची मालमत्ता आहे, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि फोटो काढून घेतला. ते प्रश्नचिन्ह मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पुढे तिने आणि रोझी मार्टिनने मिळून एक पद्धत बसवली, तिला त्या 'फोटोथेरपी' म्हणत. दोघी आळीपाळीने बसायच्या. जी बसेल तिने ठरवायचं कपडे कोणते, वस्तू कोणत्या, कधी खटका दाबायचा, कोणता फोटो फाडायचा. कॅमेऱ्यामागची फक्त ऐकणार आणि बघणार. आणि यातला सगळ्यात धाडसी भाग असा की त्या आपापल्या आया व्हायच्या. स्पेन्सने डोक्याला रुमाल बांधून, कारखान्यातला डगला घालून आपली कामगार आई साकारली. आईच्या जागी बसल्यावर काय वाटतं ते शोधायला. स्प्रिंगफील्डमध्ये डायमंडने जो 'उपचार' सांगितला होता, तो तिथून काही मैलांवर, सव्वाशे वर्षांनी, दोन बायकांनी उलटा करून घेतला. त्यांना डायमंड ठाऊक असो वा नसो, मला तरी टूटिंगहून बसने जाताना हे दोन्ही एकाच ओळीत दिसतं.

स्पेन्स १९९२मध्ये गेली. रोझी मार्टिनने काम थांबवलं नाही. स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर तिने के गुडरिजबरोबर 'आउटरेजस एजर्स' नावाची फोटोमालिका केली, २०००च्या सुमाराला ती साउथेंडला प्रदर्शनात मांडली. तरुण मुलींसाठी शिवलेले कपडे या वयाच्या अंगावर चढवून बघणं, पोट, सुरकुत्या, हसू, सगळं उघड. पाळी जाण्याचा काळ हा त्यांच्यासाठी आजार नव्हता आणि सणही नव्हता. लोकांच्या नजरेतून आपण गळतो आहोत, ते कसं दाखवायचं हा त्यांचा प्रश्न होता. इस्राएलहून न्यूयॉर्कला गेलेल्या एलिनॉर करुचीने २०१९च्या 'मिडलाइफ' या पुस्तकात आणखी पुढचं पाऊल टाकलं. पिकलेला पहिला केस, लिपस्टिक, मुलांची वाढती उंची यांच्या सोबतीला तिने ऑपरेशनात काढलेल्या आपल्या गर्भाशयाचाही फोटो ठेवला आहे. बघवत नाही असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की ज्यातून दोन मुलं आली तो अवयव तिने निरोप देण्यापूर्वी एकदा बघून घेतला आहे. आणि मेलबर्नमध्ये पाँच हॉक्स या सत्तरी ओलांडलेल्या फोटोग्राफरने पन्नाशीपुढच्या शेकडो बायकांचे विवस्त्र फोटो काढले, एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्याच पुढाकाराने. शरीर दाखवायचं, चेहरा झाकायचा, अशी मुभा देऊन. रांग लागली होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्या बायकांचं झालं. आपलं काय?

आपल्याकडे गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सांगायला एका अमेरिकन बाईचाच आधार घ्यावा लागतो. मार्शा फ्लिंट या मानववंशशास्त्रज्ञ बाईने राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ रजपूत बायकांशी बोलून १९७५मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्या बायका पाळी जाताना फारशा तक्रारी सांगत नव्हत्या. तिचं म्हणणं, कारण पाळी गेल्यावर त्यांना बक्षीस मिळत होतं: पडदा सुटायचा. माडीवरून खाली येता यायचं, पुरुषांच्यात बसता यायचं. म्हणजे बघा, इंग्लंडमध्ये ज्या वयात बाईचा चेहरा दिसेनासा होत होता त्याच वयात तिथे तो उघडा पडत होता.

आपल्या आज्यांनाही हे बक्षीस ठाऊक होतं. विटाळ गेला म्हणजे बाहेर बसणं गेलं, कावळा शिवणं गेलं. सोवळ्याचा स्वयंपाक, देवाचं सगळं, बारा महिने हातात. माझी आजी 'आता मी सुटले' म्हणायची, तेव्हा मला वाटायचं ती कुठल्या तरी नोकरीतून सुटली. पण फ्लिंटचा लेख मला पुरता पटत नाही. पडदा सुटला या आनंदात अंगातून निघणाऱ्या वाफांची गोष्ट परक्या बाईला कोण सांगत बसेल? नंतर भारतात झालेल्या पाहण्यांत सांधेदुखी, थकवा, झोप उडणं हे सगळं निघालंच. आणि एक फरक असा की इथे इंग्लंडमध्ये पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी जाते, भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. इथला डॉक्टर 'तुम्ही अजून लहान आहात' म्हणून परत पाठवतो तेव्हा हा फरक त्याच्या ध्यानात नसतो. मला असं दोनदा परत पाठवलं.

आणि काही बायकांना ते वयही मिळत नाही. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. सरकारी समितीने सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एका दिवसाचा खाडा पडला तर दंड. पाळी म्हणजे खाडा. खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जायची आणि पस्तिशी न गाठलेली बाई ऑपरेशन टेबलावर चढायची. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत. त्या बातम्यांबरोबर फोटो होते. पाचटाच्या खोपीपुढे बसलेल्या बायका, डोक्यावरून ओढलेला आणि तोंडात धरलेला पदर, डोळे तेवढे उघडे. काहींची ओळख लपवायची म्हणून पाठमोऱ्या घेतलेल्या. त्या फोटोंमुळे प्रश्न विधिमंडळापर्यंत पोचला, हे मोलाचंच. तरी त्यातली एकही बाई फोटो काढून घ्यायला म्हणून बसलेली नव्हती.

परदेशात राहून आपण यात काही बदल केला असेल असं मला वाटत होतं. मग मी आमच्या मंडळाच्या गणपतीचे गेल्या दहा वर्षांचे फोटो चाळले. ढोल वाजवणाऱ्या मुली आहेत, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर भारतातून आलेल्या आज्या आहेत. आमच्या वयाच्या बायका मोदकांच्या टेबलामागे, ताटांच्या थप्प्यांआड, नाहीतर फोटो काढणाऱ्या म्हणून फोटोबाहेर. अठरा ते सत्तरचा नियम सातासमुद्रापार आपण न मोडता आणला. तुमच्याही मंडळाचे फोटो बघा आणि खोटं असेल तर मला कळवा, आनंद होईल.

गेल्या जानेवारीत मी स्पेन्स-मार्टिनचा प्रयोग करून पाहिला. आईची एक निळी नारायणपेठी माझ्याकडे आहे, ती नेसले. रात्री तीनला जाग आलीच होती. मुलगी सुट्टीत घरी होती, तिला उठवलं. मागचं दार उघडून पायरीवर बसले, केसांचा तिच्यासारखा अंबाडा घातला, आणि मुलीला सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच काढ. बराच वेळ मी काहीच म्हटलं नाही. बाहेर शून्याच्या खाली गेलेलं, आणि मला थंडी वाजत नव्हती. पोरगी दारात कुडकुडत उभी. तिने विचारलं, "आई, तुला काय होतंय?" मी सांगितलं. मानेपासून वर कसं चढतं, छाती कशी धडधडते, मग घाम येऊन सगळं कसं गार पडतं, आणि त्यानंतर झोप का येत नाही. तिने ऐकून घेतलं आणि मग मी म्हटलं, काढ आता.

फोटो मिरजेला मावशीला पाठवला. आई आणि मावशी एका वर्षाच्या अंतराच्या, शेजारच्या गल्लीत राहायच्या. वाटलं होतं, ती म्हणेल, अगदी आईसारखी दिसतेस. तिचा निरोप आला नाही, फोनच आला.

"सगळं बरोबर आहे गं," मावशी म्हणाली, "पण पदर चुकला. पायरीवर बसली की ती पदर खांद्यावर ठेवायची नाही, काढून मांडीवर घ्यायची. वारा लागावा म्हणून. मी पण तशीच बसायचे."